सात-वीसची चिठ्ठी

गिरीजच्या आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही बोलतोय. आमची पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, या बाटली मसाल्याबद्दल बोलणार. मसाला येईलच मध्ये, पण बोलायचंय ते वायरबद्दल. हो, विजेच्या वायरबद्दल. रेडिओ बंद करू नका! घरात वायरिंगचं काम निघालं की दुकानात कोण जातं ते आठवा. घरातली कमावती माणसं सकाळीच वसई रोडहून लोकल पकडून मुंबईला गेलेली. वायरमन चिठ्ठी लिहून देतो आणि ती घेऊन, पर्समधले पैसे दोनदा मोजून, आपणच जातो. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मात्र आपल्याला वाचता येत नाही. आम्हालाही येत नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या गटानं बँकेचं कर्ज काढून दोन हॉर्सपॉवरचं मसाला दळायचं मशीन घेतलं. जागा आमच्यातल्याच एका ताईंच्या वाडीत मिळाली. हिरा डोंगरीच्या बाजूला त्यांचं घर, घरामागे केळी आणि सोनचाफा, आणि वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड. मीटर घराच्या ओटीवर. तिथपासून शेडपर्यंत भरले चाळीस मीटर.

वायरमन म्हणून आमच्या आळीतले काका आले. चाळीस वर्षं वायरिंग केलेला माणूस. त्यांनी मशीनची पाटी वाचली, पावलांनी अंतर मोजलं आणि चिठ्ठी लिहून दिली : ‘७/२०, १३० फूट डबल. अर्थ ८ नंबर. मेन २० अँपिअर.’ त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हणून वायर ओढायला दुसरा एक मुलगा येणार असं ठरलं.

चिठ्ठी घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो. काउंटरवर विशी-बाविशीचा मुलगा. त्यानं चिठ्ठी उलटी-सुलटी केली आणि आम्हालाच विचारलं, “सात-वीस म्हणजे काय हो, मावशी?” आम्ही काय सांगणार? मग त्यानं मोबाइलवर शोधलं. म्हणाला, “वीस गेज म्हणजे शून्य पॉइंट एक्क्याण्णव एमएम. म्हणजे एक एमएमची वायर.” नव्वद मीटरचं बंडल त्यानं काउंटरवर ठेवलं. काकांनी सांगितलेल्या अंदाजापेक्षा बिल बरंच कमी आलं. आम्ही खूश! येताना तिघींनी उसाचा रस प्यायलो, तोसुद्धा वाचलेल्या पैशांतून.

एप्रिल लागला, मिरच्या वाळल्या, मसाल्याचा सीझन सुरू झाला. मशीन चालू करताना ते नुसतंच घूं घूं करायचं. दोन-तीनदा बंद-चालू केलं की मग फिरायचं. आम्ही म्हणायचो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे व्होल्टेजवर ढकललं की कोणी पुढे विचारत नाही. पंखा हळू फिरला, व्होल्टेज. मिक्सर बसला, व्होल्टेज. असे तीन आठवडे गेले.

मग एका दुपारी वास आला. तुम्ही मिरची दळताना कधी उभ्या राहिला असाल तर माहीत असेल, त्या खकाण्यात दुसरा कुठला वास कळत नाही. शेडमध्ये आम्ही चौघी होतो, चौघींनाही कळलं नाही. विहिरीवरून येणाऱ्या ताईंना कळला. त्यांनी हातातली बादली तिथेच टाकली आणि ओटीवर धावत जाऊन मेन स्विच पाडला. पत्र्याच्या छपराखालून वायरचा पाइप जिथे शेडमध्ये येत होता, तिथे तो नरम होऊन वाकला होता. आतल्या वायरचं कव्हर वितळून पाइपला चिकटलं होतं. त्याच आडव्या वाशाला दुपारी त्यांच्या नातवाची झोळी बांधलेली असायची. त्या दिवशी तो लस टोचून आल्यामुळे घरात झोपला होता.

त्यानंतर आम्ही जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो. आम्ही काकांच्या घरी गेलो आणि त्यांना बोललो. डोळ्याला काळा चष्मा लावून ते ओट्यावर बसले होते. आमच्यातली एक म्हणाली, काका, आता वय झालं, बारीक वायर लिहून दिलीत. दुसरी त्याहून वाईट बोलली, ती म्हणाली, तुमचं आणि दुकानदाराचं काही ठरलं होतं का? काका एवढंच म्हणाले, “मी सात-वीस लिहिली होती.” आणि उठून आत गेले.

रात्री हिशेबाची वही घेऊन बसलो. बिल काढलं, चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर सात-वीस. बिलावर ‘१ स्क्वेअर एमएम’. ही दोन एकच आहेत की वेगळी, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. बी.ए. झालेल्या आम्हालासुद्धा! दुसऱ्या दिवशी मसाल्याची एक बाटली घेऊन परत काकांकडे गेलो. चुकलं म्हणालो. त्यांनी बाटली ठेवून घेतली, काकूंना चहा टाकायला सांगितला आणि आमच्याकडे पेन्सिल मागितली. आता पुढे जे सांगतो ते त्या ओट्यावर शिकलेलं. तुम्हीही पेन्सिल घ्या.

जुने वायरमन दोन आकडे बोलतात. पहिला आकडा म्हणजे वायरच्या आत तांब्याच्या तारा किती. दुसरा म्हणजे त्यातली एकेक तार किती नंबरची, म्हणजे किती गेजची. सात-वीस म्हणजे वीस नंबरच्या सात तारा. तीन-बावीस म्हणजे बावीस नंबरच्या तीन. एक-अठरा म्हणजे अठरा नंबरची एकच जाड तार. दुकानातल्या मुलानं वीस पाहिलं आणि सात सोडून दिले. सात तारांच्या जागी आम्हाला जवळपास दीडच तार मिळाली. कशी, ते पुढे हिशेबात येईल.

गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते. उलटं वाटतं ना? पण क्रोशाचं विणकाम करणाऱ्या बायकांना ते सांगावं लागत नाही. वीस नंबरचा दोरा जाड, चाळीसचा बारीक. साडीच्या सुताचंही तसंच, शंभर काउंटचं सूत ऐंशीपेक्षा तलम. तारेचं कारण असं की तार ओढून बारीक करतात. सोनाराकडे भोकाभोकांची पोलादी पट्टी असते, एकाहून एक लहान भोकं. त्यांतून तार ओढत ओढत नेतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी बारीक, आणि तितका नंबर मोठा. ब्रिटनमध्ये असे वेगवेगळ्या कारखान्यांचे वेगवेगळे नंबर चालायचे. ते एकसारखे करून १८८४ पासून तिथे एक सरकारी गेज लागू झालं. आपल्याकडे तेच आलं, आणि काका ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्या तोंडी तेच बसलं.

आपल्या देशात १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-मीटर लागू व्हायला लागले. पण माप कायद्यानं बदललं तरी तोंडातून जात नाही. आपण अजून गुंठ्यात जमीन सांगतो, तोळ्यात सोनं सांगतो. आणि बांगड्या? दोन-चार, दोन-सहा म्हणतो. दोन-चार म्हणजे दोन पॉइंट चार नव्हे बरं का. दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार, म्हणजे सव्वादोन इंच, सत्तावन्न मिलिमीटर. कासाराला आणि आपल्याला दोघांना भाषा माहीत आहे म्हणून बांगडी हातात बरोबर बसते. वायरच्या दुकानात लिहिणाऱ्याला एक भाषा येत होती, देणाऱ्याला दुसरी, आणि मध्ये आम्ही, जिला कुठलीच येत नव्हती.

आता नवी भाषा. दुकानात आज दीडची, अडीचची, चारची वायर मिळते. हे चौरस मिलिमीटर. दुकानदार स्क्वेअर एमएम म्हणतात, घाईत नुसतं एमएम म्हणतात, आणि खरी गडबड तिथेच होते. मिलिमीटर म्हणजे तारेची रुंदी, या काठापासून त्या काठापर्यंत. चौरस मिलिमीटर म्हणजे तार सुरीनं आडवी कापली तर जो गोल तोंड दिसेल, त्या गोलात भरलेलं तांबं. भाकरीची रुंदी आणि भाकरीला लागणारं पीठ यात जो फरक, तोच. तेवढ्याच जाडीची भाकरी दुप्पट रुंद थापली तर पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. वीज रुंदीतून नाही, त्या भरलेल्या तांब्यातून जाते.

चार आकडे लिहून घ्या, घरगुती वायरिंगला बहुतेक एवढेच लागतात. सोळा नंबरची तार १.६३ मिलिमीटर. अठरा नंबरची १.२२. वीस नंबरची ०.९१. बावीस नंबरची ०.७१. आता हिशेब. तारेच्या रुंदीला तिनंच गुणायचं, मग ०.७८५ नं गुणायचं, मग जितक्या तारा तितक्यांनी गुणायचं. संपलं. सात-वीस करून पाहू. ०.९१ गुणिले ०.९१, झाले ०.८३. त्याला ०.७८५ नं गुणलं, ०.६५. म्हणजे वीस नंबरच्या एका तारेत साधारण पाऊण चौरस मिलिमीटरहूनही कमी तांबं. गुणिले सात, साडेचारच्या वर. काका साडेचार ते पाच म्हणतात. आणि आम्ही आणली होती एकची! एक भागिले ०.६५, दीड. ही ती दीड तार.

तसंच एक-अठरा केलंत तर १.१७ येईल, तीन-बावीस केलंत तर १.१९. गंमत पाहा, एक जाड तार आणि तीन बारीक, दिसायला किती वेगळ्या, पण तांबं जवळजवळ सारखंच. तीन-वीस म्हणजे साधारण दोन. सात-बावीस म्हणजे पावणेतीन.

हे आकडे दुकानातल्या मापांवर नेमके बसत नाहीत. दुकानात एक, दीड, अडीच, चार, सहा. सात-वीस चार आणि सहाच्या मध्ये अडकते. मग खालची घ्यायची की वरची? दिवा-पंख्याची एक-अठरा बदलायची असेल तर सरळ दीडची घ्या, तीन-वीस असेल तर अडीचची, फारसा विचार नको. पण गिझर, एसी, मोटर असेल तर नंबरवरून ठरवू नका. किती अँपिअर लागतात आणि अंतर किती, हे वायरमनला विचारून ठरवा. आमच्या मशीनला काकांनी हिशेब करून चारची सांगितली. त्यांच्या मते सहाची घेतली असती तर पैसे जास्त गेले असते, बिघडलं काहीच नसतं.

अंतराचं एवढं का, तेही ऐका. आमचं मशीन चालताना साधारण बारा अँपिअर घेतं. चाळीस मीटर जायला आणि चाळीस यायला, मिळून ऐंशी मीटर तांबं. एकच्या वायरीत एवढ्या लांबीत सतरा व्होल्ट वाटेतच जातात. चारच्या वायरीत साडेचार. आणि मोटर सुरू होताना काही क्षण चार-पाच पट अँपिअर ओढते, तेव्हा तर साठ-सत्तर व्होल्ट वाटेत गडप. मग ती घूं घूं करणार नाही तर काय? आम्ही वीज कंपनीला तीन आठवडे शिव्या दिल्या, आणि व्होल्टेज खात होती आमचीच वायर. वाटेत गेलेली वीज जाते कुठे? उष्णतेत. काकांनी हिशेब करून दाखवला, त्या पाइपात दोनशे वॅटचा हिटर चालू होता. वर एप्रिलचा पत्रा.

मग मेन स्विच का पडला नाही? तो तर वीस अँपिअरचा नवा बसवला होता. तेच. तो सात-वीससाठी लिहिला होता. वीसच्या आत आहे तोवर तो गप्प बसतो. त्याला काय ठाऊक पलीकडे बारीक वायर आहे. एमसीबी मशीनसाठी नसतो, वायरसाठी असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तुमच्याकडे एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी मोठा बसवून देत असेल, तर आधी विचारा, वायर कितीची आहे.

आता दुकानात जाल तेव्हा दोन-तीन जागी पाय घसरेल, त्या सांगतो. नव्या बंडलाच्या चिठ्ठीवरही दोन आकडे असतात. चारच्या वायरवर ५६/०.३ असं लिहिलेलं असतं. दिसायला जुन्यासारखंच, पण इथे दुसरा आकडा गेज नाही, सरळ मिलिमीटर आहे. तीन दशांश मिलिमीटरच्या छप्पन्न केसासारख्या तारा. अडीचला ३६/०.३, दीडला २२/०.३. हिशेब तोच, करून पाहा, जुळतो.

एक्स्टेन्शनच्या लवचीक वायरीला दुकानात तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर म्हणतात. इथला शहात्तर गेजही नाही आणि मिलिमीटरही नाही. तो इंचाच्या दहा हजार भागांतले शहात्तर. म्हणजे एकेक तार ०.१९ मिलिमीटर. चाळीस-शहात्तरमध्ये तांबं एकच्या थोडं वर, तेवीस-शहात्तरमध्ये पाऊणच्या आत. जत्रेत स्टॉल लावताना इस्त्री, शेगडी, मिक्सर एकाच बारीक एक्स्टेन्शनवर लावणाऱ्या आमच्या गटातल्या दोघी आता हे ऐकत असतील. नाव घेत नाही.

गल्फमधून किंवा अमेरिकेतून कोणी वायर, बोर्ड आणला असेल आणि त्यावर एडब्ल्यूजी लिहिलं असेल, तर ते अमेरिकन गेज. त्यांचा अठरा नंबर आपल्या अठरापेक्षा बारीक, तांबं ०.८२ च. मोबाइलवर गेज शोधतानाही हे दोन्ही तक्ते समोर येतात, कुठला उघडलाय ते बघा.

आणि अर्थिंगची तार. काकांच्या चिठ्ठीवर आठ नंबर होतं. ती जस्त चढवलेली लोखंडी तार, चार मिलिमीटर रुंद. ही ‘चार एमएम’ आणि मघाची ‘चारची’ वायर एक नव्हेत. चार मिलिमीटर रुंद तारेत तेरा चौरस मिलिमीटर धातू असतो. चारच्या वायरीतलं तांबं एकाच तारेचं केलं तर ती सव्वादोन मिलिमीटरचीच भरेल. अर्थिंगची तार सुदैवानं दुकानातल्या मुलानं बरोबर दिली होती, कारण तिला अजून सगळे आठ नंबरच म्हणतात.

गिरीजमध्ये जुनी घरं पुष्कळ आहेत, लाकडी पट्टीवरून वायरिंग गेलेली. त्यात कितीची वायर आहे हे कसं कळणार, असं गटात एकीनं विचारलं. त्यावर काकांनी युक्ती सांगितली. वायरमननं काढून टाकलेला जुना तुकडा घ्या. लक्षात ठेवा, काढून टाकलेला. भिंतीतल्या वायरीला हात लावायचा नाही. त्यातली एक तार सोलून पेन्सिलीवर वीस वेढे अगदी चिकटून गुंडाळा. मुलांच्या पट्टीनं वेढ्यांची रांग मोजा. अठरा मिलिमीटर भरली तर वीस नंबर, चोवीस भरली तर अठरा नंबर, चौदा भरली तर बावीस नंबर. आम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांनी करून पाहिलं. दोघींचे वेढे सैल पडले, बाकीच्यांचं उत्तर बरोबर आलं. तार पांढरट निघाली तर ते ॲल्युमिनियम. त्याला तांब्याएवढं काम करायला दीडपटीहून जास्त चौरस मिलिमीटर लागतात, म्हणून तोच नंबर बघून तांब्याचा हिशेब करू नका.

दुकानदारानं वापरलेली वायर परत घेतली नाही. त्याचंही खरं, जळलेलं बंडल तो काय करणार. चारच्या बंडलाचे पैसे आम्ही दंडाच्या डब्यातून भरले. हप्ता उशिरा भरला की दहा रुपये दंड, त्याचा डबा. रिकामा झाला. काकांचा डोळा बरा झाल्यावर ते स्वतः आले, वायर ओढली, आयएसआयची खूण आणि ‘४ स्क्वेअर एमएम’ हे छापलेलं आम्हाला तिघींकडून आळीपाळीनं मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मगच बटण दाबलं. मशीन एका दमात फिरलं. ताईंनी झोळी तिथून काढली ती काढलीच, आता ती सोनचाफ्याखाली बांधतात.

काका अजून सात-वीसच म्हणतात. पण चिठ्ठीवर खाली ‘चारची’ असं लिहितात, आणि त्याखाली आमच्यापैकी कोणीतरी सही करते की आम्ही वाचलं. तुमच्याकडे वायरमननं लिहिलेली जुन्या नंबरांची चिठ्ठी असेल तर दुकानात जाण्याआधी शनिवारी दुपारी आमच्याकडे घेऊन या, बसून हिशेब करू. मशीन चालू असलं तर हाक जरा मोठ्यानं मारा, आत ऐकू येत नाही.